उजव्या बाजूचे बाण

मी खोटं लिहीत नाही. हे मोठेपणानं सांगत नाही, माझा स्वभावच तसा खडूस आहे. चाकणच्या कंपनीत मी पार्ट तपासते. पार्टवर ओरखडा असला की तो रिजेक्ट, मग लाइनचा सुपरवायझर कितीही "जाऊ द्या ना मॅडम" म्हणो. आणि कंपनीच्या बसमध्ये जाता-येता सव्वा-सव्वा तास मी मोबाइलवर नकाशा दुरुस्त करत बसते. खुला नकाशा. तो कुणाच्या मालकीचा नाही. कुणीही त्यात भर घालावी, कुणीही फुकट वापरावा. सहा वर्षांपूर्वी आई आजारी असताना ॲम्ब्युलन्सवाला काळेवाडीत अर्धा तास फिरत राहिला, कारण विहारामागची आमची गल्ली नकाशात नव्हतीच. तिथं मोकळं मैदान दाखवलं होतं. आई त्यानंतर वर्षभर जगली, पण माझा राग काही गेला नाही. मी आमची गल्ली काढली, मग शेजारची, मग ते वेडच लागलं.

ह्या कामाचा नियम एकच. जमिनीवर जे आहे तेच लिहायचं. लोक काय करतात, काय असायला हवं, आपल्याला काय बरं वाटतं, ते सगळं घरी ठेवून यायचं. हे मला अजिंक्यनं शिकवलं. तो मारुंजीत भाड्यानं राहतो, हिंजवडीत नोकरी करतो आणि सोसायटीचा सेक्रेटरी पार्किंगवर ठेवतो तसा आख्ख्या पिंपरी-चिंचवडच्या नकाशावर डोळा ठेवून असतो. कुणी काही चुकीचं टाकलं की तासाभरात त्यानं ते पुसलेलं असतं. मला तो माणूस आवडायचा. माझ्यासारखाच खडूस.

जानेवारीत चऱ्होलीचा नवा रस्ता खुला झाला तेव्हा एका रविवारी मी तिथं पायी गेले. चौकापासून आळंदीच्या बाजूला अडीच किलोमीटर. मध्ये गाड्यांचा रस्ता, त्यावर सायकलला बंदी असल्याची पाटी, आणि दोन्ही कडांना लाल रंगाचे सायकलमार्ग. प्रत्येक मार्गाला एका अंगानं छातीइतकं लोखंडी रेलिंग आणि दुसऱ्या अंगानं सोसायट्यांची उंच भिंत. मध्ये कुठंही फट नाही. एकदा आत शिरलात की थेट दुसऱ्या टोकाला बाहेर. डाव्या मार्गावर छप्पन्न पांढरे बाण, सगळे आळंदीकडं. उजव्या मार्गावरही छप्पन्न, आणि तेही आळंदीकडंच.

मला ते दिसलं नाही असं नाही. दिसलं, हसूही आलं. म्हणजे ह्या रस्त्यानं सायकलवाल्यानं फक्त जायचं, परत यायचंच नाही! पण नियम म्हणजे नियम. मी दोन्ही मार्गांचे चौदा फोटो काढले, नोंदीला जोडले आणि लिहून मोकळी झाले: दोन्ही एकेरी, दोन्ही आळंदीकडं. अजिंक्यनं खाली लिहिलं, "याला म्हणतात काम." मी आठवडाभर खूश होते.

आता माझ्या भावाचं सांगते. सिद्धेश सव्वीस वर्षांचा आहे आणि त्याला तीन कंपन्यांनी ब्रेक दिलाय. आमच्या पट्ट्यात ब्रेक म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कंत्राटाचे सहा-सात महिने भरत आले की उद्यापासून येऊ नको म्हणतात, आणि पोरगं पुन्हा दुसऱ्या गेटवर बायोडाटा घेऊन उभं. तिसऱ्या ब्रेकनंतर सिद्धेश महिनाभर घरात भिंतीकडं तोंड करून झोपून राहिला. मग फेब्रुवारीत त्याला हे काम मिळालं. चऱ्होलीच्या चौकात एका डिलिव्हरी कंपनीचा अड्डा आहे. तिथून बॅटरीची सायकल घ्यायची आणि आळंदीच्या टोकाच्या नव्या सोसायट्यांमध्ये जेवण, औषधं, किराणा पोचवायचा. पोरगं पुन्हा सकाळी दाढी करायला लागलं, गाणी लावून पोळ्या करायला लागलं. आई गेल्यापासून घरातला स्वयंपाक त्याच्याकडंच आहे.

मार्चमधल्या एका बुधवारी मी पहिल्या शिफ्टहून परत येत होते. बस मोशीच्या जवळ आली तेव्हा त्याचा फोन आला.

"ताई, चाक लॉक झालंय."

"मग अड्ड्यावर सांग की."

"सांगितलं. ते म्हणतात घेऊन ये. कशी घेऊन येऊ? मागचं चाक हलत नाही. तीस किलोची सायकल आहे. ताई, तू ये ना."

'ये ना' हे तो दहावीनंतर मला कधी म्हणाला नव्हता. मी मोशीला उतरले आणि रिक्षा केली.

तो उजव्या मार्गाच्या बरोबर मध्यावर उभा होता. एका बाजूला रेलिंग, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि भिंतीवर वर काचा. दुपारचं ऊन. रेलिंगपलीकडून डंपर चालले होते आणि त्याला बाहेर पडायला कुठल्याही बाजूला सव्वा किलोमीटर चालायचं होतं. मी चौकाच्या बाजूनं आत चालत गेले. पायांखालचे बाण माझ्याच बरोबर पुढं चालले होते, म्हणजे त्याच्या तोंडावर.

त्यानं सांगितलं ते असं. सायकलमधल्या यंत्राला कुठला मार्ग कुठल्या दिशेचा ते कळतं. उलट्या दिशेनं गेलं की मोटर बंद पडते आणि ॲपवर लाल खूण येते. ॲपनं दाखवलेला परतीचा रस्ता गावातून वळसा घालून होता, आठ किलोमीटर. त्या वळशात ऑर्डर उशिरा जायच्या, त्याच्या वेगळ्या शिव्या. म्हणून दोनदा तो इथूनच पायडल मारत आला. दोन लाल खुणा झाल्या. घरी बोलला नाही. आज तिसरी. तिसरीला चाकच लॉक होतं आणि आयडी बंद पडतो.

"बंद म्हणजे? उद्या उघडेल ना?"

त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. हरकत असेल तर शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवा, नाहीतर ह्या आधार क्रमांकावर पुन्हा कधीही आयडी मिळणार नाही. आणि खाली बारीक अक्षरात: रस्त्यांच्या दिशा आम्ही खुल्या नकाशातून घेतो, त्यात चूक असल्यास कृपया तिथे दुरुस्त करून घ्यावी.

आम्ही मागचं चाक आळीपाळीनं उचलत चालायला लागलो. शंभर पावलं झाली की थांबायचं, हात बदलायचे. त्याच्या टी-शर्टच्या पाठीवर मिठाचे डाग पडले होते.

"हा मूर्ख नकाशा कोणी काढला असेल गं?" त्यानं विचारलं.

घरात मी मोबाइलवर काय करते हे कुणी कधी विचारलं नव्हतं. ताई गेम खेळते असाच सगळ्यांचा समज.

"मी," मी म्हणाले.

तो थांबला. चाक खाली टेकलं. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याला कळलं.

"फोटोसकट," मी म्हणाले. खोटं बोलायची सवय नाही ना.

उरलेलं अंतर त्यानं ती सायकल एकट्यानं ओढत नेली, मला हात लावू दिला नाही. मागचं चाक लाल रंगावर घासत गेलं. मी मागून चालत राहिले, आणि त्या रेलिंगच्या आणि भिंतीच्या मधे मला इतकं कोंडल्यासारखं झालं की वाटलं गज धरून ओरडावं.

परतताना रिक्षात बसल्या बसल्याच मी नकाशा उघडला. गाड्या आपल्याकडं डावीकडून चालतात, तर उजवीकडचा मार्ग परतीचा असणार हे शेंबडं पोरही सांगेल. मी उजव्या मार्गाची दिशा उलटी केली. चिंचवड स्टेशनपर्यंत पोचले नसेन, तोवर अजिंक्यनं ती पुन्हा होती तशी केली. मी फोन लावला.

"नीलाताई, बाण बदलले का तिथले?"

"नाही."

"मग?"

"अरे, दोन्हीकडं जायचेच बाण कसे असतील? अक्कल लावायची गोष्ट आहे."

"असायला हवं ते आपण लिहीत नाही. तुम्हीच मागच्या महिन्यात एकाला हे ऐकवलंत. आणि चौदा फोटो तुमचेच आहेत, ताई. उद्या कुणी तुमचा बदल वाचून उलटा गेला आणि समोरून कोणी आदळलं, तर?"

माझं डोकं फिरलं. भावाचं सांगितलं, आयडीचं सांगितलं. तो म्हणाला, "मला वाईट वाटतंय, खरंच. पण भावासाठी बदलला असं तर लिहिता येणार नाही ना? बाण चुकलेत असं सांगणारा कुणीतरी जबाबदार माणूस आणा. ड्रॉइंग असेल, ज्यानं काम केलं तो असेल. नाव लिहा, मी हात लावणार नाही."

मी त्याला अशी काही शिवी दिली की रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं. राग ह्याचा होता की तो बरोबर होता. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, कदाचित जास्त टोचून बोलले असते.

गुरुवारी जेवायच्या सुट्टीत मी रस्त्याच्या ठेकेदाराच्या ऑफिसला चार फोन केले. ड्रॉइंग बाहेरच्यांना देत नाही. साहेब साइटवर आहेत. तक्रार लिहून घेतली आहे, पंधरा दिवस लागतील. चौथ्यांदा कुणी उचललाच नाही. आणि शनिवार परवावर आलेला.

त्या संध्याकाळी सिद्धेशनं भात लावला होता आणि तो पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडला होता. आप्पा, म्हणजे आमचे वडील, जमिनीवर बसून जेवत होते. त्यांना एवढंच माहीत होतं की पोराच्या कामात काहीतरी घोळ झालाय. मी त्यांच्यासमोर बसले आणि तोंडाला आवर न घालता सगळं ओकले, आणि शेवटी म्हणाले, "ज्या गाढवानं हे बाण काढले ना आप्पा, त्याला एकदा त्या रेलिंगमध्ये उभा केला पाहिजे."

आप्पांचा घास हातातच राहिला. "कुटला रस्ता म्हणालीस?"

"चऱ्होलीचा नवा."

"फोटो हाय का?"

मी मोबाइल दिला. त्यांनी तो लांब धरला, डोळे बारीक केले. "मोठा कर." मी केला. बाणाच्या टोकाला उजवीकडं एक कपची उडाल्यासारखी दिसत होती. उजव्या मार्गाच्या प्रत्येक फोटोत, प्रत्येक बाणाला. मला वाटलं होतं तो कॅमेऱ्याचा दोष असेल.

"ही कड माझ्याच साच्याची हाय," आप्पा म्हणाले. "पत्रा फाटलेला. मीच पट्टी मारलीया त्याला."

आप्पा रस्त्यावरचे पट्टे मारायच्या टोळीत जातात हे मला माहीत होतं. सकाळी सहाला काळेवाडी फाट्यावर टेम्पो येतो, संध्याकाळी सातला सोडतो. आज भोसरी, उद्या तळवडे. कुठं जाता हे मी आठ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. त्याआधी बावीस वर्षं ते पिंपरीतल्या एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये होते. ती बंद पडली. त्यांनी रंगवलेला एकही पार्ट कधी परत आला नाही, हे ते पाहुण्यांना हटकून सांगतात. मजूर म्हटलेलं त्यांना चालत नाही.

"दोगं होतो आमी," ते म्हणाले. "मी उजवीकडं, ज्योतीराम डावीकडं. मधी रंगाची गाडी. रंग गरम असतो, थांबला की थिजतो. गाडी थांबत न्हाई. ती चालली आळंदीकडं, आमी तिच्या संगं. पायाम्होरं साचा ठेवायचा, रंग वतायचा, उचलायचा, म्होरं पळायचं." त्यांनी ताट बाजूला सारलं. "दहा-बारा बाण झाल्यावर ज्योतीराम वरडला, भिवाभाऊ, तुमचे उलटे पायजेत का? मी म्हनलं, गाडी चाललीया, मार तू. मुकादमाला इचारायला पायजे होतं. न्हाई इचारलं."

भिंतीकडं तोंड केलेला सिद्धेश हळूच वळला.

मला हसावं की रडावं कळेना. बापानं काढलेले बाण लेकीनं प्रामाणिकपणे नकाशात उतरवले, आणि त्यात लेक अडकला! आणि मी आत्ताच त्यांना गाढव म्हणाले होते.

"आप्पा, मला माहीत नव्हतं."

"गाढवच. खरं हाय त्ये." मग त्यांनी विचारलं, "मग आता काय लागतंय तुला?"

"कुणीतरी सांगायला लागतं की बाण चुकलेत. नाव लिहायला लागतं."

"मग लिही की."

"तसं नाही आप्पा. ते जगभर कुणीही वाचू शकतं. तुमच्या ठेकेदारानं वाचलं तर?"

"वाचू दे."

सिद्धेश उठून बसला. "नको आप्पा. मी बघतो दुसरं काहीतरी."

"काय बघतोस? भिंत?" आप्पा इतक्या जोरात कधी बोलत नाहीत. मग त्यांचा आवाज खाली आला. "चूक माजी हाय ना? मग मलाच बोलू द्या."

शुक्रवारी बसमध्ये मी ते लिहायला घेतलं, आणि खोटं न लिहिणारी मी तासभर खोटं शोधत बसले. 'ठेकेदाराचा माणूस' लिहावं का? एखादं नाव बनवावं? कोंडाजी लिहावं, कुठल्याही टोळीत नसलेला? अजिंक्यला काय कळणार होतं? तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. शेवटी अर्धवट काहीतरी करून मोकळी झाले. आडनाव गाळलं. उजवा मार्ग चौकाच्या दिशेचा केला आणि खाली लिहिलं: "उजव्या बाजूचे बाण रंगवताना उलटे पडले. हा परतीचा मार्ग आहे. माहिती: बाण रंगवणारे भिवा, काळेवाडी." तेच सिद्धेशच्या हरकतीच्या अर्जाला जोडलं.

अजिंक्यचं उत्तर दहा मिनिटांत आलं. "मान्य." आणि थोड्या वेळानं दुसरी ओळ: "त्यांना माझा नमस्कार सांगा." मी उत्तर दिलं नाही. अजून राग होता.

शनिवारी दुपारी अडीचला आयडी उघडला. सिद्धेशनं तेव्हाच शर्ट बदलला आणि गेला. रविवारी येऊन सांगत होता, उजव्या मार्गानं चौकात परत यायला नऊ मिनिटं लागतात, ॲप एक शब्द बोलत नाही. पण रस्त्यावर बाण अजून तसेच. एक फिरायला आलेल्या मावशी त्याला वाटेतच अडवून उभ्या राहिल्या. डोळे फुटले का रे, बाण दिसत नाहीत? तो म्हणाला, दिसतायत की मावशी, आमच्या आप्पांनीच काढलेत. आम्ही तिघं पोट धरून हसलो. आप्पा सगळ्यांत जास्त.

मग आप्पांचा फोन वाजला. ज्योतीराम होता. डिलिव्हरी कंपनीनं खात्री करायला ती नोंद ठेकेदाराकडं पाठवली होती. टोळीत भिवा नावाचा माणूस एकच, आणि ठेकेदार भडकला होता. आप्पा नुसते "व्हय, व्हय" म्हणत राहिले आणि फोन ठेवून त्यांनी उद्याचा डबा नेहमीसारखा घासून ठेवला. मला म्हणाले, मुकादम तोंडावर बोलला न्हाई तवर काय खरं न्हाई.

सोमवारी सहाला मी फाट्यावर माझ्या बसची वाट बघत होते. पंधरा पावलांवर आप्पा उभे, हातात डब्याची पिशवी. टेम्पो आला. दर सोमवारी येतो तसा, त्याच वेगानं. आप्पांनी पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, चढायला मोकळा हात लागतो म्हणून. टेम्पो थांबला नाही. मागं बसलेल्या ज्योतीरामनं हात अर्धा वर केला आणि मान खाली घातली. आप्पा तसेच उभे राहिले. माझी बस आली तेव्हाही ते तिथंच होते. मला उतरून त्यांच्याकडं जावंसं वाटत होतं आणि गेटचं पंचिंग साडेसातचं होतं. मी गेले कामावर. दिवसभर एकही पार्ट मला नीट दिसला नाही.

संध्याकाळी आले तर आप्पा उंबऱ्यात बसले होते. नखांत पांढरा रंग तसाच होता.

"नीला, त्ये माजं नाव पुसता येतं का गं?"

हेच ऐकायची भीती वाटत होती. "नाही आप्पा. वरून काढलं तरी मागची नोंद राहतेच. मी खातं बंद केलं तरी राहते. कायमची." आणि मग मला रडू आवरेना. "मी अडकवलं तुम्हाला. आधी त्याला, मग तुम्हाला."

"रडतीस कशाला? मी आपलं इचारलं." ते नखांतला रंग खरवडत म्हणाले, "आमचे पट्टे दोन वर्सांत जातात. कुटं काम केलं, सांगायला काय ऱ्हात न्हाई. काय लिवलंयस, वाच बरं."

मी वाचून दाखवलं.

"नुसतं भिवा?"

"मुद्दामच आप्पा. कळू नये म्हणून."

"कळलं न्हवं आता सगळ्यास्नी? नुसतं भिवा म्हंजी कुणी बी आसंल. नीट लिही. भिवा लिंबाजी ओव्हाळ." आणि मी टाइप करत असताना माझ्या खांद्यावरून वाकून ते म्हणाले, "म्होरं रंगारी लिही."

मी नोंदीखाली नवी ओळ लिहिली. त्यांनी मोबाइल हातात घेतला, एकेका अक्षराखालून बोट फिरवत ती वाचली, आणि पाठवायचं बटण कुठलं ते मला विचारून स्वतःच दाबलं.